इयरबुक विकायचं असेल तर जूनमध्येच कामाला लागा

जानेवारी लागला की ओळखीतल्या कोणत्या ना कोणत्या शाळेतून फोन येतोच. "मॅडम, आम्ही यंदा इयरबुक काढून राहिलो, पाचशे कॉप्यांची ऑर्डर प्रेसला दिली, आता विकायच्या कशा ते सांगा ना." आता काय सांगू बाप्पा! ऑर्डर दिली म्हणजे विकायची वेळ निघून गेली. इयरबुक, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या फोटोंचं अन् वर्षभराच्या आठवणींचं पुस्तक, विकलं जातं ते जून ते डिसेंबर, पुस्तक हातात यायच्या कितीतरी आधी, अन् जानेवारीत फक्त छापणं आणि वाटणं उरलं पाहिजे. फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच टाकते. आमची शाळा पश्चिम नागपुरातली, नऊशेच्या आसपास मुलं, आणि इयरबुकचं काम माझ्या गळ्यात पडून बरीच वर्षं झाली.

आधी हे डोक्यात पक्कं करा की वार्षिकांकाचा हिशोब इयरबुकला लागू होत नाही. वार्षिकांकाचे पैसे बहुतेक शाळांत फीमध्येच कुठंतरी घेतलेले असतात, त्यामुळं तो कोणाला विकावा लागत नाही, वाटला की झालं. इयरबुक ऐच्छिक असतं. पालकाचा पहिला प्रश्न हाच असतो, "मॅडम, हे कंपल्सरी आहे का जी?" आणि उत्तर "नाही" हेच द्यायचं, मोठ्यानं द्यायचं, सर्क्युलरमध्ये पहिल्या ओळीत लिहायचं. जबरदस्तीनं खपवलेलं पुस्तक पुढच्या वर्षी कोणी घेत नाही, आणि वर पालक सभेत जो तमाशा होतो तो वेगळा.

शेवटच्या तारखेपासून मागं या

कॅलेंडर जूनपासून पुढं मोजू नका. दहावीची पोरं शाळेत शेवटची एकत्र कधी येतात ती तारीख आधी धरा आणि तिथून मागं या. २०२५ मध्ये राज्य मंडळाची बारावी ११ फेब्रुवारीला सुरू झाली अन् दहावी २१ फेब्रुवारीला, सीबीएसईची परीक्षाही फेब्रुवारीतच असते, म्हणजे सेंड-ऑफ जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. पुस्तक त्या दिवशी हातात पाहिजे, कारण सगळ्यात जास्त ज्यांना ते हवं असतं ती हीच पोरं, आणि सेंड-ऑफला एकमेकांच्या पुस्तकावर सह्या, मेसेज, काहीबाही लिहून घेण्यातच अर्धी मजा असते. "निकालानंतर या आणि घेऊन जा" म्हटलं की विषय संपला, कोणी पुण्याला गेलेलं असतं, कोणी कोट्याला, आणि ऑफिसमध्ये गठ्ठे पडून राहतात.

मग मागं मोजा. सेंड-ऑफच्या दहा दिवस आधी गठ्ठे शाळेत यायला हवेत, त्याच्या आधी छपाई आणि बाइंडिंगला तीन आठवडे, त्याच्या आधी प्रूफ तपासायला एक आठवडा. म्हणजे पानं साधारण २० डिसेंबरला बंद. इथं सगळे विचारतात, मग गॅदरिंगचं काय? गॅदरिंग डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घेता आलं तर उत्तम, आणि नाहीच जमलं तर शेवटची आठ पानं रिकामी धरून ठेवा आणि तेवढी उशिरा द्या, प्रेसवाल्याला आधी सांगितलं तर तो तयार होतो. तेही जमत नसेल तर गॅदरिंग आणि २६ जानेवारीची चार पानांची वेगळी पुरवणी छापून पुस्तकात घाला. पुरवणीचं कोणी वाईट मानत नाही, उशिराचं मानतात.

नागपूरच्या काही गोष्टी या कॅलेंडरमध्ये आधीच लिहून ठेवाव्या लागतात. आपल्याकडं उन्हामुळं शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, सीबीएसईवाले एप्रिलमध्ये थोडे दिवस भरवून मग सुट्टी देतात. म्हणजे पुण्या-मुंबईच्या शाळेचं वेळापत्रक कॉपी केलं तर सुरुवातीलाच दीडेक आठवडा कमी पडतो. दुसरं म्हणजे डिसेंबरमधलं हिवाळी अधिवेशन. विधानभवन, सिव्हिल लाइन्स, बर्डी या बाजूला बंदोबस्त, मोर्चे, वळवलेली वाहतूक, स्कूल बसेस उशिरा, अन् तुमची प्रेस जर त्या बाजूला असेल तर प्रूफ आणायला अर्धा दिवस जातो. त्या दिवसांत बाहेरची कामं ठेवूच नका. तिसरं, प्रेस. ऑक्टोबरपासून प्रेसवाले दिवाळी अंक, मग कॅलेंडर-डायऱ्या, मग लग्नपत्रिका यात बुडालेले असतात, आणि मध्येच कोणती निवडणूक लागली तर तुमच्या इयरबुकला कोणी विचारत नाही. म्हणून कोटेशन जुलैमध्ये घ्या, जानेवारीची मशीनची तारीख तेव्हाच बोलून ठेवा, थोडा ॲडव्हान्स द्या. ॲडव्हान्स दिलेल्या गिऱ्हाइकाला प्रेसवाला विसरत नाही.

ज्या घरचं पोर पुस्तकात, तेच घर पुस्तक घेणार

पोस्टर, रील, ऑफर हे सगळं नंतरचं. मला विचाराल तर इयरबुकच्या विक्रीचं खरं साधन एकच आहे आणि ते म्हणजे कव्हरेजचा तक्ता. आई-बाप पुस्तक कागद बघून घेत नाहीत, डिझाइन बघून तर नाहीच नाही, "आपला कुठं आहे?" एवढंच बघतात. आणि बहुतेक इयरबुकांत काय होतं, तीच ती चाळीस पोरं सगळीकडं दिसतात. हेड गर्ल चौदा ठिकाणी, नाचणाऱ्या पोरी दहा ठिकाणी, कबड्डीची टीम सहा ठिकाणी, अन् बाकीचे सातशे-आठशे फक्त वर्गाच्या ग्रुप फोटोत, तेही मागच्या रांगेत अर्धा चेहरा. मग त्या सातशे घरांनी अडीचशे-तीनशे रुपये काऊन द्यावे?

आम्ही काय करतो ते सांगते. ऑफिसमधून सगळ्या वर्गांची यादी घ्यायची, एका शीटमध्ये टाकायची आणि नावापुढं तीन रकाने करायचे. पहिला रकाना त्याच्या स्वतःच्या फोटोचा, दुसरा कोणत्याही कार्यक्रमातल्या नाहीतर रोजच्या शाळेतल्या फोटोचा, आणि तिसरा त्याच्या शब्दांचा, म्हणजे एक वाक्य, एक चित्र, हस्ताक्षरात लिहिलेल्या दोन ओळी, काहीही. फोटो पानावर लागला की पान नंबर रकान्यात लिहायचा. दोन महिन्यांनी शीट उघडलं की रिकामे रकाने लाल होऊन समोर उभे राहतात, आणि दरवेळी तेच दिसतं, सातवी ब मधला तो मुलगा जो भाषणात नाही, खेळात नाही, गाण्यात नाही. मग त्याला शोधत जायचं. तो लायब्ररीत कोपऱ्यात बसतो का, रोज बसच्या रांगेत पहिला उभा असतो का, मधल्या सुट्टीत डब्यातला पराठा चार जणांत वाटतो का. तो फोटो काढा. असा फोटो ज्या घरी दिसतो त्या घरून पैसे येतातच, अन् आजीसाठी अजून एक कॉपी पाहिजे म्हणून फोनही येतो.

फोटो काढायचे कधी, तर मोठे कार्यक्रम सगळेच टिपतात. पण आपल्या नागपूरचे काही दिवस असे आहेत जे सुटायला नको. तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, त्या दिवशी छोटी पोट्टे लाकडी बैल सजवून आणतात. त्याच दिवशी शहरात मारबतीची मिरवणूक निघते म्हणून बहुतेक शाळा आपला तान्हा पोळा एक-दोन दिवस मागं-पुढं करतात, त्याची तारीख आधीच विचारून ठेवा. केजी ते दुसरीचे सगळे रकाने या एका दिवसात भरून निघतात, कारण प्रत्येकाच्या हातात बैल असतो आणि कोणी मागं राहत नाही. ५ सप्टेंबरला दहावीच्या पोरी साड्या नेसून शिकवायला येतात तो दुसरा दिवस. रामन सायन्स सेंटर, महाराजबाग, रामटेक, सेवाग्राम अशा सहली तिसरा. सहलीला बस सुटायच्या आधी प्रत्येक बसचा एक फोटो घ्या, नंतर उन्हानं सगळे हैराण झालेले असतात अन् चेहरे बघण्यासारखे राहत नाहीत.

फोटो व्हॉट्सॲपवर मागवू नका, मागवलेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला की तो दाबला जातो आणि छापताना फाटल्यासारखा दिसतो. ए-फोर साइजच्या पूर्ण पानाला ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, हे फोटो देणाऱ्या पालकांनाही सांगून ठेवा.

आणि संमती. शाळा उघडल्यावर जे फॉर्म भरून घेतो त्यातच "मुलाचा फोटो आणि नाव इयरबुकमध्ये छापायला हरकत नाही" अशी सहीची ओळ घाला, आणि इंटरनेटवर टाकायची संमती वेगळी विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात १८ च्या खालचं प्रत्येक जण मूल धरलंय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितलीय. कायदा बाजूला ठेवला तरी एखाद्या घरात कोर्टात केस चालू असते, एखाद्याला फोटो नकोच असतो, तो नकार शीटमध्ये लिहून ठेवलेला बरा.

किंमत ठरवताना सगळ्यात कमी विक्री धरा

इथं बहुतेक शाळा गोत्यात येतात. प्रेसवाला म्हणतो, "मॅडम, पाचशे घ्या, रेट कमी पडते," आणि आपण रेट बघून हो म्हणतो. हिशोब असा असतो. एक खर्च कॉप्या कितीही छापा तेवढाच राहतो, डिझाइन, प्लेट, फोटोग्राफर. दुसरा दर कॉपीमागं वाढतो, कागद, छपाई, बाइंडिंग. समजा पहिला खर्च ५०,००० आणि दर कॉपीला १३०. (हे आकडे फक्त समजायला, तुमचे तुम्ही कोटेशनमधून घ्या.) पाचशे छापल्या तर १,१५,०००, म्हणजे कॉपी पडली २३० ला. किंमत ठेवली २५०, सगळे खूश. पण विकल्या गेल्या तीनशेच, आले ७५,०००. चाळीस हजारांचा खड्डा, आणि तो भरायला मॅनेजमेंटपुढं कोणाला उभं राहावं लागतं ते सांगायला नको.

उलट करा. ज्या विकल्या जातीलच अशी खात्री आहे तो आकडा धरा, समजा तीनशे. त्यात फुकट जाणाऱ्या कॉप्या मिळवा, कारण त्या विसरल्या जातात, शिक्षक आणि स्टाफ चाळीस, जाहिरातदार वीस, लायब्ररी, ऑफिस, मॅनेजमेंट मिळून दहा. झाल्या ३७०. खर्च ९८,१००. हातात आलेल्या जाहिराती, येतील अशा नाही, आलेल्या, समजा ३०,०००. उरले ६८,१००, भागिले तीनशे, म्हणजे कॉपीमागं २२७. आता २५० ठेवा. तीनशेच विकल्या तरी सहा-सात हजार हातात राहतात, वर विकल्या गेलेली प्रत्येक कॉपी फायद्याची.

प्रेसवाल्याला काही गोष्टी कोटेशन घेतानाच विचारायच्या. रेट जीएसटी धरून आहे का, पोच करून देणार का, आणि ऐनवेळी पन्नास कॉप्या वाढवल्या तर किती. पानं १६ च्या पटीत बसवली तर कागद वाया जात नाही, निदान ४ च्या पटीत तरी ठेवाच. साठ-पासष्ट पानांपर्यंत सेंटर पिन, म्हणजे मधोमध मारलेली पिन, चालते, त्याच्या वर परफेक्ट बाइंडिंगच, म्हणजे पाठीला गोंद लावून चिकटवलेलं, करा. आतलं एक पान तरी त्याच कागदावर छापलेलं नमुना म्हणून मागा, स्क्रीनवर गोरीपान दिसणारी पोरं छापल्यावर काळवंडतात हा अनुभव सगळ्यांचा आहे.

किंमत पायऱ्यांची ठेवा. दसऱ्यापर्यंत २५०, गॅदरिंगपर्यंत ३००, नंतर ३५० आणि तेही शिल्लक असतील तर. पायरी जाहीर केली की पाळायची. "जाऊ द्या हो मॅडम, आमचं राहून गेलं" म्हणत आलेल्या एका पालकाला नोव्हेंबरमध्ये जुन्या किमतीत दिलं की संध्याकाळपर्यंत ग्रुपवर सगळ्यांना कळलेलं असतं. एका घरची दोन मुलं असतील तर दोन कॉप्यांचा आग्रह करू नका, एकच घेतील, पण दुसऱ्या कॉपीवर पन्नास रुपये कमी केले तर बरेच जण मामा-मावशीसाठी घेऊन जातात.

आणि हे विसरू नका, आरटीईच्या २५ टक्क्यांतली मुलं आपल्याच वर्गात बसतात, आणि फी भरणाऱ्या घरांतही सगळ्यांना ३०० रुपये सोपे नसतात. जाहिरातीच्या पैशातून काही कॉप्या बाजूला काढा, क्लास टीचरला विचारून यादी करा, पावती इतरांसारखीच फाडा आणि वाटताना त्यांची कॉपीही त्याच गठ्ठ्यातून, त्याच रांगेत द्या. नावं कुठंही वाचायची नाहीत.

जाहिराती: कोणाकडं, आणि कोणत्या महिन्यात

दुकानदाराकडं कधी जायचं हे काय मागायचं यापेक्षा महत्त्वाचं. युनिफॉर्मवाला, वह्या-पुस्तकांचा दुकानदार, बूट-दप्तरवाला यांचा सीझन जून-जुलै, गल्ल्यात पैसे असतात अन् तुमच्या शाळेमुळंच असतात, त्यामुळं १५ जुलैच्या आत जा. दिवाळीच्या महिन्यात गेलात तर मिठाईवाला, कपडेवाला म्हणेल की दिवाळी अंकांना दिलं. जानेवारीनंतर गेलात की "मार्च एंडिंग आहे जी" हे ऐकूनच परत यावं लागतं. डेंटिस्ट, चष्म्याचं दुकान, सायकलवाला, केकवाला, शाळेच्या दोन किलोमीटरच्या आतले सगळे चालतात. लांबच्या मोठ्या शोरूममागं धावू नका, चार चकरा मारायला लावतात आणि शेवटी "हेड ऑफिसला विचारतो" म्हणतात. कोचिंग क्लासच्या जाहिराती घ्यायच्या की नाही हे प्रिन्सिपलना आधीच विचारून घ्या. त्यांचे पैसे सगळ्यात पटकन येतात, पण शाळेच्या पुस्तकात क्लासची पानभर जाहिरात मला तरी खटकते.

हातात मागच्या वर्षीची कॉपी पाहिजे, नसेल तर चार पानांचा डमी, आणि रेट एका कागदावर. मागचं कव्हर, आतली कव्हरं, पूर्ण, अर्धं, पाव पान, एवढंच. चेक नाहीतर यूपीआय, शाळेच्या खात्यात, पावती तिथल्या तिथं. कोणाच्या खाजगी नंबरवर पैसे घ्यायचे नाहीत, मग ते कितीही विश्वासू असोत.

पण दुकानांपेक्षा जास्त पैसा घरांतून येतो, हे मला दरवर्षी दिसतं. दहावीच्या पालकांना पाव पान विका, एका बाजूला मुलाचा लहानपणीचा फोटो, दुसऱ्या बाजूला आताचा, आणि खाली आई-बाबांच्या दोन ओळी. मुलाला न सांगता. हे पान पालक स्वतःहून मागतात, दहा जणांनी घेतलं की बाकीच्यांना राहवत नाही. फक्त शब्दांची मर्यादा कडक ठेवा. तीस शब्द म्हटलं तरी लोक शंभर पाठवतात, अन् त्यात आजोबा, काका, आत्या, सोसायटीतले सगळे असतात.

ओपन डेचं टेबल

पहिल्या सत्राचे पेपर दाखवायचा दिवस म्हणजे विक्रीचा सगळ्यात मोठा दिवस. गॅदरिंगला गर्दी बम असते पण तिथं कोणी पाकीट काढत नाही, सगळे स्टेजकडं बघत असतात. ओपन डेला पालक एकेकटे येतात, वेळ काढून आलेले असतात, आणि मुलाच्या शाळेचाच विचार डोक्यात असतो.

टेबल गेटपाशी लावू नका. पालक आत येताना घाईत असतात, मार्क काय पडले याची धाकधूक असते. टेबल वर्गातून बाहेर पडायच्या वाटेवर, जिन्याजवळ. टेबलावर मागच्या वर्षीच्या तीन-चार कॉप्या, आणि त्यांना रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या, प्रत्येक पट्टीवर वर्ग लिहिलेला, चौथी अ, चौथी ब, पाचवी अ. पालक आले की काही बोलायचं नाही, फक्त विचारायचं, "कोणत्या वर्गात आहे?" आणि ती पट्टी उघडून पुस्तक त्यांच्या हातात द्यायचं. आई पानावर बोट फिरवत जाते, "हा बघ, हा अथर्व, ही बघ तुझी मैत्रीण," पोरगं मधूनच डोकं घालतं, आणि बाबा तोपर्यंत मागचं पान उलटून किंमत बघत असतात. त्यांच्यासमोर क्यूआरचा स्टँड असतोच. इथं बोलघेवडी मावशी बसवू नका, शांत बसणारं कोणीतरी बसवा, पुस्तकच बोलतं. पहिलंच वर्ष असेल आणि जुनी कॉपी नसेल तर यंदाच्या तान्ह्या पोळ्याची आणि शिक्षक दिनाची चार-चार पानं रंगीत प्रिंट काढून फाइलमध्ये लावा, तेवढ्यानंही काम होतं.

ऑर्डर घेताना एका वहीत किंवा शीटमध्ये इतकं लिहून घ्या: वर्ग-तुकडी, रोल नंबर, नाव, रक्कम, पावती नंबर, पालकांचा फोन, आणि नावाचं स्पेलिंग पालकांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. शाळेच्या रजिस्टरमधलं स्पेलिंग आणि आईचं स्पेलिंग यात फरक निघतोच, श्रावणीमध्ये एक ए की दोन यावरून छापल्यानंतर जी नाराजी होते ती पैसे परत देऊनही जात नाही. प्रूफच्या आठवड्यात प्रत्येक वर्गात त्या वर्गाचं पान प्रिंट काढून लावा, मुलांनाच आपापलं नाव तपासून सही करायला सांगा. तपासणीही होते आणि जाहिरातही, त्या आठवड्यात ऑर्डरी दुप्पट वेगानं येतात.

बाकी प्रचार थोडक्यात. पालकांच्या ग्रुपवर महिन्यातून दोनच मेसेज, रोज टाकले की लोक म्यूट करतात. पायरी संपायच्या आदल्या दिवशीचा मेसेज सगळ्यात जास्त ऑर्डरी आणतो. नोटीस बोर्डवर दर सोमवारी एका फोटोचा छोटा तुकडा लावा, फक्त बूट, फक्त डबा, फक्त वेणी, आणि "हे कोण?" एवढंच लिहा, पोरं मधल्या सुट्टीत तिथंच घोळका करून उभी असतात. कव्हरसाठी चित्रकला स्पर्धा घ्या, जिंकलेलं कव्हर गॅदरिंगला स्टेजवर दाखवा. हाऊसमध्ये ऑर्डरींची स्पर्धा लावायचा मोह टाळा, घ्यायला न परवडणारं पोर त्यात विनाकारण भरडलं जातं. तसंच "वर्गातला सगळ्यात आळशी", "सगळ्यात खादाड" असली टायटल नकोत. त्या दिवशी सगळे हसतात, पण ज्याच्या नावापुढं ते छापलं जातं त्याच्या घरी ते पुस्तक कपाटाच्या तळाशी जातं, आणि धाकट्या बहिणीसाठी पुढच्या वर्षी ते घर घेत नाही. शाळेच्या इन्स्टाग्रामवर टाकताना नाव-वर्ग टाकू नका, पाठमोरे, गर्दीतले फोटो घ्या, आणि ज्यांची इंटरनेटची संमती आहे त्यांचेच.

प्रेसला आकडा, वाटप आणि उरलेल्या कॉप्या

गॅदरिंगनंतरच्या सोमवारी ऑर्डर बंद करा. पैसे आलेल्या ऑर्डरी, फुकटच्या कॉप्या, आणि वर फक्त दहा टक्के. दहाच. "मुलं ऐनवेळी मागतात" असं म्हणून शंभर जास्त छापायचा सल्ला स्टाफरूममध्ये कोणीतरी देणारच, त्यांना हसून चहा पाजा आणि आकडा बदलू नका.

गठ्ठे आले की गाडी जायच्या आधी मोजा, प्रत्येक गठ्ठ्यातली एक कॉपी उघडून पानं उलटी-सुलटी लागली नाहीत ना ते बघा. पंचवीस-पंचवीसचे वर्गवार ढीग करा, वर नावांची यादी, घेतलं की सही. दहावीची वाटप सेंड-ऑफला, आणि पुस्तक कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच द्या म्हणजे सह्या घ्यायला वेळ मिळतो. जो त्या दिवशी आला नाही त्याची कॉपी हॉल तिकीट देताना त्याच खिडकीतून. जाहिरातदारांना कॉपी स्वतः नेऊन द्या, त्यांच्या जाहिरातीच्या पानावर पट्टी लावून, पुढच्या जुलैचं निम्मं काम तिथंच होतं.

उरलेल्या कॉप्या कमी किमतीत विकू नका. दोन लायब्ररीत, एक ऑफिसच्या बाहेरच्या टेबलावर जिथं ॲडमिशनला आलेले पालक वाट बघत बसतात, चार पुढच्या ओपन डेच्या टेबलासाठी कपाटात. त्यातूनही उरल्या तर जूनमध्ये नवीन आलेल्या मुलांच्या पालकांना दाखवा, काही जण घेतात. हिशोब मात्र मार्च संपायच्या आत, किती छापल्या, किती विकल्या, किती फुकट गेल्या, जाहिराती किती आल्या, प्रेसला किती दिले, एका पानावर लिहून पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत ठेवा, पावती पुस्तकासकट. आणि कव्हरेजचं शीट डिलीट करू नका, वर्ग एक-एकनं पुढं सरकवले की जूनमध्ये नव्या वर्षाची यादी अर्धी तयारच मिळते.